ओला ताणा

आमच्या घरात रंग वैनीचा आणि कापड माझं. वैनी म्हणजे माझी थोरली जाऊ. मागावर चढवायचे रेशमाचे उभे धागे, म्हणजे ताणा, आम्ही आधी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, लांबच लांब ताणून घेतो. एक टोक खांबाला, दुसरं माझ्या हातात. मग वैनी ब्रश घेऊन त्या नुसत्या धाग्यांवर रंगवत जाते. कापडाचा अजून पत्ता नसतो आणि त्याच्यावर रंग मात्र चढलेला असतो. रंगवून झालं की ताणा प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा आणि जुन्या, पोचे आलेल्या मोदकपात्रात ठेवून वाफ द्यायची. हे मोदकपात्र स्वयंपाकघरात येता कामा नये असा वैनीचा कायदा आहे. वाफ मिळाली की रंग रेशमात कायमचा बसतो. मग धुवायचा, वाळवायचा, मागावर चढवायचा आणि मी आडवा धागा घालत विणत जायचं. विणताना रंगांच्या कडा जराशा हलतात, पाण्यात बघितल्यासारख्या. मालवणच्या दुकानात आमचे स्कार्फ घेणाऱ्या बायका हमखास विचारतात, "हे छापलेलं आहे का?" छापलेलं आणि रंगवलेलं कळत नसेल तर घेता कशाला, असं माझ्या अगदी जिभेवर येतं. वैनी मला कोपराने ढोसते.

तोंडाळ म्हणून माझी गावात ख्याती आहे. मी सावंतवाडीची, बाजारपेठेत वाढलेली. लग्न होऊन इकडे आचऱ्याच्या बाजूला आले तेव्हाच सासूबाईंनी हेरलं होतं की ही काही पोटात ठेवणारी नव्हे. आणि एवढी तोंडाळ बाई गेल्या मार्गशीर्षापासून एका गोष्टीबद्दल मूग गिळून बसली आहे. चांगलं वर्ष होत आलं.

माझ्या यजमानांबद्दल आधी सांगायला हवं. घरात मी त्यांना नुसतं 'ओ' म्हणते, इथे 'हे' म्हणेन. ह्यांचं तिठ्यावर पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे. देव देव करणारा माणूस नाही. उपास नाही, जप नाही, संध्याकाळी देवापुढे दिवा लावायचा तोही माझ्या भुणभुणीमुळे. पण जत्रेला देवाची पालखी देवळाच्या दारातून बाहेर पडते तेव्हा पुढच्या दांड्याला पहिला खांदा आमच्या घरातला लागतो. तो मान सासऱ्यांचा होता, मग थोरल्या दिरांचा, आणि ते गेल्यावर ह्यांचा. त्या दिवशी हे सोवळं नेसून उघड्या अंगाने दारात उभे राहतात, उजवा खांदा पुढे करून, आणि दांडा खांद्यावर आला की ह्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा होतो. वर्षभर ग्रीसने माखलेला, गिऱ्हाइकांवर खेकसणारा माणूस. मी दरवर्षी गर्दीत तेवढ्याचसाठी पुढे घुसायची.

गेल्या वर्षी पुतणीचं लग्न ठरलं, माघातलं. वैनीची ती एकुलती एक. दीर गेल्यापासून वैनी लग्नामुंजीत मागच्या पडवीत भाजी चिरत बसते. असा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण हळदीच्या वेळी नवरा नसलेल्या बाईने पुढे व्हायचं नाही हे आमच्याकडे अजून न बोलता चालतं. मी पदर खोचून भांडायला तयार होते. वैनीनेच मला गप्प केलं.

"तू भांडतलंस," ती म्हणाली, "आणि लोक माझ्या चेडवाचा लग्न सोडून तुझा भांडाण बघतले."

मग तिने ठरवलं, मुलीचा शेला आपण करायचा. नवरीच्या खांद्यावरचा शेला, ज्याला नवऱ्याच्या उपरण्याची गाठ मारतात तो. ताणा तिने रंगवायचा, विणायचा मी. रंगवायला बसली तेव्हा तिने पहिला पिवळा घेतला. हळदीचा, ओल्या हळदीचा पिवळा. तो जुळेपर्यंत तिने वाट्यांमागून वाट्या ओतून दिल्या. ताण्याच्या टोकाला हातभर पिवळा लावून ती थांबली.

"हळद लावूक माका कोण बोलवचो नाय," ती म्हणाली. "म्हणान मी आताच लावून घेतंय."

मी दुसरं टोक धरून उभी होते. डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता. पिवळ्यापुढे तिने कोकमाच्या आगळाचा लाल घेतला, मग अबोली, मग खाडीचा हिरवा, शेवाळावर ऊन पडल्यावर दिसतो तसा. दिवस कलेपर्यंत रंगवत होती. झाल्यावर ब्रश धुताना म्हणाली, "असो परत माका जमाचो नाय गो." आणि ते खरं होतं. दुसरा ताणा रंगवता आला असता, पण ती हळद दुसऱ्यांदा लागली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची गावपळण होती.

बाहेरच्यांना हे नीट सांगावं लागतं. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल होतो आणि आमचं अख्खं गाव घरंदारं बंद करून वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळे. तीन दिवस आणि तीन रात्री गाव देवाचं. घरात चूल पेटत नाही, दार उघडत नाही, वेशीच्या आत कुणी पाऊल टाकत नाही. पहारा नसतो, दंड नसतो. कुणी आत जातच नाही. बाहेर माळावर माडाच्या झावळांच्या राहुट्या उभ्या करतात आणि तिथे राहतात, परतीचा कौल मिळेपर्यंत. माझ्या माहेरी हे नाही. मी पहिल्या गावपळणीला नवी नवरी होते आणि मला ती सहलच वाटली होती. खरं सांगायचं तर पुढेही सहलच वाटत राहिली.

त्या सकाळी माझ्याकडे दोन कामं होती. वैनीच्या ताण्याला वाफ द्यायची, आणि पणजीच्या एका दुकानासाठी विणत असलेले स्कार्फ मागावरून उतरवायचे. दुकानदारीणबाईंचा रात्री फोन आला होता, गाव सोडायच्या आधीच स्कार्फ पुरे करा म्हणून. परत आल्यावर दिले असते तरी त्यांचं काही अडणार नव्हतं, पण बाई गोड बोलल्या, माझ्या हाताचं कौतुक केलं, आणि मी पाघळले. पहाटे उठून मागावर बसले. शेवटच्या स्कार्फचे गोंडे वळून होईपर्यंत बाहेर टेम्पो आला होता आणि गॅसची टाकी-शेगडी कुणीतरी उचलून टेम्पोत ठेवलीसुद्धा होती. ताणा मोदकपात्रात तसाच, प्लास्टिकमध्ये, ओला.

वैनी कोंबड्यांची टोपली घेऊन टेम्पोत चढत होती. तिथूनच तिने ओरडून विचारलं, "वाफ दिलंस मां गो?"

"व्हय," मी म्हटलं.

तोंडातून कसं गेलं, असं म्हणण्यात अर्थ नाही. विचार करून गेलं. नाही म्हटलं असतं तर शेगडी उतरवावी लागली असती, सगळा टेम्पो खोळंबला असता, आणि पणजीच्या स्कार्फसाठी मी तिच्या लेकीचा शेला मागे ठेवला हे तिच्यापुढे आलं असतं. कुलूप लावलं. किल्ली ह्यांनी खिशात टाकली.

रंगवलेला ताणा एक रात्र गुंडाळून ठेवला तर चालतो, उलट ते बरंच. पण ओलाच तीन-चार दिवस ठेवला तर एका थराचा रंग दुसऱ्या थरात उतरत जातो. हिरवा लालात, लाल पिवळ्यात. शेवटी सगळ्याचा मिळून चिखलाचा रंग होतो. हे मला पक्कं माहीत होतं. टेम्पो वेशीबाहेर पडला तेव्हाही माहीत होतं.

माळावर तर नुसती धमाल. पोरांचं क्रिकेट, बायकांच्या फुगड्या, भजनाची डबलबारी, दुपारी नदीवर डुंबणं, आणि प्रत्येक राहुटीतून सुक्या बांगड्याचा वास. शिकलेसवरलेले, मुंबईहून मुद्दाम रजा टाकून आलेले लोकही झावळांखाली लोळत होते. आणि वैनी. वैनीला मी इतकी खुशीत दीर गेल्यानंतर कधी पाहिली नव्हती. या राहुटीतून त्या राहुटीत जायची आणि शेल्याचं सांगायची. हळदीचो पिवळो कसो जुळलो, आगळाचो लाल कसो उतारलो. "घराक गेल्यावर येवा बघूक," असं आमंत्रण द्यायची. प्रत्येक वेळी माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "वाफ हिनां दिली." मी पेजेची वाटी तशीच बाजूला सारली. रात्री झावळांतून आभाळ दिसत होतं आणि मला दिसत होतं ते मोदकपात्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर टोप घासत होते. हे शेजारी येऊन बसले.

"काय झाला गो तुका? काल पेजेकव हात लावलंस नाय."

मी सांगितलं. सगळं सांगितलं: वाफ, स्कार्फ, वैनीशी खोटं बोलले ते. हे वाळूत काडीने रेघा ओढत होते.

"आज काढलो तर वाचात काय तो?"

"आज काढून सावलीक वाळत घातलो, तर वाचात. फाल्यापर्यंत ऱ्हवलो तर काय नाय."

एवढंच बोलले मी. जा म्हटलं नाही. पुढे कित्येक दिवस हे वाक्य मी स्वतःशी घोळवलं, की मी काही त्यांना जा म्हटलं नव्हतं. पण जाऊ नका असंही म्हटलं नाही. बावीस-पंचवीस वर्षं ज्या माणसाबरोबर काढली त्याला आज काढलो तर वाचात असं सांगायचं, आणि पुढचं त्याच्यावर सोडायचं, याला जा म्हणणंच म्हणतात. ती मुलगी त्यांच्या मेलेल्या भावाची होती, हेही मला ठाऊक होतं.

दुपारी जेवणं उरकून लोक आडवे झाले. हे उठले आणि चपला घालत वैनीला म्हणाले, "वासरू खंय गेला ता बघून येतंय." वासरू राहुटीच्या मागे बांधलेलं होतं. मला ते बसल्या जागेवरून दिसत होतं, रवंथ करत होतं.

उन्हं उतरताना हे परत आले. सदरा गळ्यापर्यंत बंद, वर टॉवेल घेतलेला. मला नुसती मान हलवून खूण केली. वेशीच्या या बाजूला काजूची एक बाग आहे, तिकडे कुणी फिरकत नाही. मी हातात कळशी घेऊन, पाण्याला जाते असं दाखवत मागोमाग गेले. दोन काजूंच्या मध्ये सावलीत ताणा टांगलेला होता. आणि तो वाचला होता! लाल लालच होता, हिरवा हिरवाच. कडेला रंग थोडा पसरला होता, तो विणताना कुणाला कळला नसता. मी धागे बोटांनी विलग करत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. पिवळा बघितला. हळद जशीच्या तशी होती. फक्त एका ठिकाणी, पिवळ्यात आणि लालात मिळून, तळव्याएवढा भाग फिकट पडला होता.

"हयसर काय झाला?" मी विचारलं.

तेव्हा मी मागे वळून ह्यांच्याकडे पाहिलं. आधी ताणा पाहिला, मग ह्यांना. तो क्रम मला अजून पुसता येत नाही. हे एका दगडावर बसले होते. भर मार्गशीर्षात घामाने निथळत होते. ह्यांनी सदऱ्याची बटणं काढली. उजवा खांदा, थेट मानेपासून दंडापर्यंत, लाल-पिवळा झाला होता. प्लास्टिक फाटलं म्हणून ओला ताणा सदऱ्याच्या आत खांद्यावर टाकून ह्यांनी आणला होता. रेशमाला लागणारा रंग माणसाच्या कातडीलाही तसाच लागतो.

"थयच कित्याक वाळत घातलात नाय?" मी विचारलं. असलंच काहीतरी विचारायला सुचलं.

"थय उभ्या ऱ्हवाक होयना नाय," हे म्हणाले. "गावात आवाज नाय गो. कुत्रो नाय, कोंबो नाय. आपल्याच घराचा कुलूप चोरासारख्या उघडलंय आणि आपल्याच देवळासमोरसून धावत इलंय."

ह्यांचा भुताखेतांवर विश्वास नाही. तो घाम भीतीचा नव्हता. गावात सगळ्यांनी मिळून न बोलता एक शब्द दिलेला असतो, आणि तो आजवर कुणी मोडला नव्हता. ज्याच्या घराला पालखीचा पहिला खांदा, त्याने मोडला. माझा या सगळ्यावर कधी विश्वास नव्हता. म्हणूनच मला ते इतकं सोपं वाटलं. दुसऱ्याच्या श्रद्धेतून मी माझं काम उरकून घेतलं.

मी कळशीतल्या पाण्याने खांदा चोळून बघितला, मातीने घासून बघितला. कातडी सोलवटली, रंग गेला नाही.

परतीचा कौल झाला आणि गाव वाजत-गाजत आत शिरलं. वाळलेला ताणा मी अंथरुणाच्या वळकटीत घातला होता. देवळासमोर सगळे थांबले आणि गुरवाने गाऱ्हाणं घातलं. नेहमीचंच गाऱ्हाणं. "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां गावात परत इली आसत. जाता-येताना कोणाच्या हातून काय चुकला-माकला आसात तर ता पोटात घाल आणि सगळ्यांची राखण कर रे म्हाराजा!" आणि सगळा गाव एका आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा!" मीही म्हटलं, सवयीने. माझ्या शेजारी आवाज आला नाही. हे ओठ मिटून, खाली बघत उभे होते. वैनीने सगळ्यांत मोठ्याने म्हटलं.

घरी आल्या आल्या मी वाफ दिली. लपूनछपून द्यावी लागली, कारण वैनीच्या लेखी ती झालेली होती.

त्याच पंधरवड्यात जत्रा. पालखीला उघड्या अंगाने उभं राहायचं असतं आणि ह्यांच्या खांद्यावर रंग अजून दिसत होता, फिका, पण दिसत होता. ह्यांनी देवस्थानच्या लोकांना सांगितलं, "खांदो दुखता. पंप उचालताना लचाकलो." लोकांनी हळहळ केली, कुणी तेल दिलं, कुणी गावठी लेप दिला. पहिला खांदा चुलतदिरांनी दिला. मी त्या दिवशी पुढे घुसले नाही. मागे, चपला काढतात तिथे हे उभे होते, सदरा घालून. पालखी जवळून गेली तेव्हा ह्यांनी हात जोडले आणि हे एक पाऊल मागे सरकले.

आठवड्याभरात रंग गेला. आंघोळीच्या वेळी मी रोज बघायची, आज किती उरलाय. ज्या दिवशी काहीच दिसलं नाही त्या दिवशी मला केवढं हायसं वाटलं! वाटलं, संपलं. त्याच संध्याकाळी देवळातून निरोप आला, सोमवारी छोटी पालखी निघते, येवा. हे म्हणाले, "खांदो अजून बरो नाय."

मग मला कळलं की खांद्याचं कारण खांद्यावर नव्हतंच.

शेला मी विणला. इतकं जीव ओतून मी कधी विणलं नसेल; दर ठोक्याला फणी मारताना दात आवळलेले असायचे. तो फिकट तुकडा जवळ आला तेव्हा वैनी बाजूला उभी होती. तिने बोट ठेवलं.

"हयसरचो रंग खंय गेलो गो?"

"धुताना गेलो," मी म्हटलं.

"तुझ्या हातसून असा कधी होना नाय," ती म्हणाली, आणि लगेच माझी समजूत काढायला लागली. "जावंदे गो. एवढ्यान काय होता? गाठ मारताना तेवढो भाग गाठीत जायत."

लग्नात कन्यादानाला हे आणि मी बसलो, दीर नसल्यामुळे. वैनी माजघराच्या दारात उभी होती, दाराच्या चौकटीला टेकून, आणि तिचं लक्ष मुलीच्या खांद्यावरच्या पिवळ्यावर होतं. हळद लागली तेव्हा ती पुढे आली नव्हती. पण जो तो शेल्याला हात लावून बघत होता, आणि तिला ते दिसत होतं. मला तेवढं समाधान आहे. खोटं कशाला बोलू, मोठं समाधान आहे. मुलगी आमच्यापुढे वाकली तेव्हा शेला घसरून ह्यांच्या उजव्या खांद्यावर आला. ह्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून तिच्या खांद्यावर नीट ठेवला, आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ह्यांनी मला एक शब्दही कधी ऐकवलेला नाही. एकदा आरडाओरडा केला असता तर मीही केला असता. मला तेवढंच येतं.

पावसाळा सरल्यावर मी धीर केला. म्हटलं, देवळात जाऊया, गुरवाकडून नीट गाऱ्हाणं घालून घेऊया, असं असं झालं म्हणून सांगूया. देव काय, गाव काय, पोटात घालतील. मग पुन्हा खांदा द्या.

हे पंपाचा नट आवळत होते. आवळता आवळताच म्हणाले, "गाऱ्हाण्यात नुसता गेलंय म्हणान चलना नाय. कित्याक गेलंय ताव सांगूचा लागता. मगे तुझा नाव घेवचा लागात. आणि वैनी थयच उभी आसतली."

मी तिथून उठून आत आले. मी गेले असते एकटी, सांगितलं असतं माझ्या तोंडाने. देऊळ आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. कितीतरी वेळा पायात चपला घातल्या. मग डोळ्यांपुढे वैनी येते, राहुट्या-राहुट्यांतून सांगत फिरणारी, वाफ हिनां दिली म्हणून. त्या शेल्यात तिला दिसतं ते सगळं मग बदलेल. तिच्या हळदीसाठी गावाचा शब्द मोडला गेला, हे कळल्यावर ती तो शेला पुन्हा बघू शकेल का? असं मी स्वतःला सांगते. हे खरंही आहे. पण यातलं किती तिच्यासाठी आणि किती माझ्या तोंडासाठी, ते मला नीट वेगळं काढता येत नाही.

परवा जत्रेची बोलणी सुरू झाली. सकाळी मी बाहेर आले तर वैनीने खळ्यात नवा ताणा ताणायला घेतला होता. रुंदीला अगदी कमी, धागे मात्र दाट. मी विचारलं, ही कसली ऑर्डर? मला तर माहीत नाही.

"ऑर्डर कसली? देवाचा काम," ती म्हणाली. "भावजींचो खांदो वरीस झाला तरी बरो होना नाय. तो पालखीचो दांडो म्हंजे लाकूडच, रुतता. आपण तेका रेशमाचो उसो करूया. भुतूर कापूस भरूया, मऊ. मगे देतले ते खांदो. मी देवस्थानात विचारून इलंय, ते व्हय म्हणाले."

तिने हळदीचा पिवळा कालवून ठेवला होता. उरलेला, गेल्या वर्षीचा. मी दुसरं टोक हातात घेतलं आणि मागे सरकत ताण दिला. तिने ब्रश बुडवला, आणि टेकवायच्या आधी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"खयचो गो दुखता तेंचो?" तिने विचारलं. "डावो काय उजवो?"

आता सांगायला काय हरकत होती? खळ्यात आम्ही दोघीच होतो.

"उजवो," मी म्हटलं.

"मगे त्या बाजून जास्त धागे सोडूया," ती म्हणाली, आणि रंगवायला लागली.